माणसात आणलेलं पिल्लू

माझ्या वहिनीला अख्खा मासळीबाजार 'कुत्रीवाली' म्हणतो. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नाही, कारण शेजारी मी बसलेली असते आणि माझ्या हातात सुरा असतो. मी मासे कापते. खवलं काढायची, पोट फाडायचं, डोकं उडवायचं, दिवसभर हेच. त्यामुळे रक्त बघून मला काही होत नाही. माझं तोंडही सुऱ्याइतकंच चालतं, असं दादा म्हणायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. त्याला नीट बोलता यायचं तेव्हा म्हणायचा.

बाजाराच्या मागे धान्याचं मोठं गोदाम आहे. उंच भिंत, वर काचा लावलेल्या, आत मोठं आवार आणि आवारात राखणीची कुत्री. दादा तिथे हमाल होता. वहिनी कुत्र्यांचं बघायची. त्यांना खायला घालायचं, घाण काढायची, दिवसा साखळीला बांधायचं आणि गोदाम बंद झालं की मोकळं सोडायचं. लग्न झालं तेव्हा माझ्या मैत्रिणी हसल्या होत्या, तुझ्या भावाला बायको मिळाली की राखणदार? मी म्हटलं, दोन्ही मिळालं, तुम्हाला एक तरी मिळतंय का बघा.

त्या गोदामात पिल्लांना तयार करायची एक रीत होती. आधी ती सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के आले की त्याला आखूड साखळीला बांधायचं. मग गोणीवाला यायचा. हा माणूस पक्का बाहेरचा, पिल्लाने कधी न बघितलेला. तो डोक्यावरून गोणी ओढून घ्यायचा आणि काठीने पिल्लाला झोडपायचा. पिल्लू आधी ओरडायचं, मग मुतायचं, मग पायात शेपूट घालून जमिनीला चिकटायचं. तरी तो मारतच राहायचा. शेवटी मार असह्य होऊन पिल्लू उलटून चावायचं. चावलं रे चावलं की गोणीवाला 'मेलो, मेलो' करत पळत सुटायचा. पिल्लाला वाटायचं, आपण जिंकलो. असं आठवडाभर केलं की कुत्रं तयार. परका दिसला की फाडायचा, एवढंच त्याच्या डोक्यात राहायचं. मॅनेजर खूश, गोणीवाला खूश.

आणि साखळी कोण धरायचं? माझी वहिनी. मारताना पिल्लाने गळा आवळून घेऊ नये म्हणून साखळी हातात धरून कुणीतरी उभं राहावं लागायचं. ती मान फिरवून उभी राहायची. घरी आली की जेवायची नाही. दादा चिडवायचा, "मार कुत्र्याला आणि उपास हिला!"

आता मला सांगा, या शहाण्यांच्या एक गोष्ट कशी लक्षात आली नाही? गोदामातले सगळे हमाल डोक्यावरून गोणीच घेतात. रिकाम्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात घुसवला की खोळ होते. ती डोक्यावरून पाठीवर सोडायची, म्हणजे धान्याचा भुसा मानेत जात नाही आणि पोतं पाठीला काचत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोळ घातलेली माणसं त्या आवारात फिरतात. आणि कुत्र्यांना काय शिकवलंत? की गोणीतला माणूस दिसला की फाडा. दिवसा कुत्री बांधलेली असायची म्हणून वर्षानुवर्षं निभावलं, दुसरं काय.

एके दिवशी भर दुपारी काळीने साखळी तोडली. काळी म्हणजे तिथली सगळ्यात तिखट कुत्री. गाभण होती, पोट लोंबत होतं. दादा पोतं टाकून वळला आणि समोर ती. त्याने खोळ फेकून द्यायला हवी होती, पण ते कुणाला सुचतं? त्याने उलट ती घट्ट ओढून तोंड झाकलं. काळीने त्याला खाली पाडलं आणि गोणीसकट त्याचा चेहरा धरला.

मी तिथे नव्हते. किंकाळ्या ऐकून सुरा हातात घेऊन धावले तेव्हा वहिनी काळीच्या पाठीवर पडून दोन्ही हातांनी तिचा जबडा उघडत होती आणि ओरडत होती, "सोड! सोड! सोड ना गं!" पण सोड म्हणजे काय हे त्या कुत्रीला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. तिला धरायला शिकवलं होतं. शेवटी हमालांच्या मुकादमाने पोती ओढायचा लोखंडी आकडा तिच्या डोक्यात घातला. एक, दोन, मग सगळ्यांचेच आकडे पडायला लागले. काळी मेली तरी तिचा जबडा मिटलेलाच. तो सुरा घालून मीच उघडला. माझ्या भावाचा गाल तिच्या दातात होता.

दादा वाचला. एक कान गेला, एक डोळा मिटला, ओठ अर्धा राहिला आणि उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. घरातल्या मागच्या खोलीत तो पंचा तोंडावर टाकून बसायचा. माणसं भेटायला यायची, त्याच्याकडे बघायची आणि मग कपाटाकडे बघत बोलायची. शेवटी त्याने कुणालाही आत घ्यायचं नाही म्हणून सांगितलं. बोलायचा तेव्हा शब्द ओठातून गळून पडायचे, म्हणून बोलणंही सोडलं. मला इतका राग यायचा की बाजारात मी माशांची डोकी नुसती चेचत सुटायचे.

त्या रागात एक दिवस त्यांच्या घरी गेले तर चुलीशेजारी टोपली, टोपलीत फडकं आणि फडक्यात काळं पिल्लू.

काळीला मारलं तेव्हा तिच्या पोटात जीव होते. आम्ही दादाला दवाखान्यात घेऊन गेल्यावर वहिनीने तिथेच, त्या रक्तात बसून तिचं पोट मोकळं केलं होतं. बाकीची पिल्लं गेली, हे एक तगलं. बाईने ते पदराखाली घालून घरी आणलं, कापसाच्या वातीने दूध पाजून जगवलं, आणि मला इतके दिवस पत्ता नाही!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "वहिनी, तुझं डोकं फिरलंय का? जिने तुझ्या नवऱ्याचं तोंड खाल्लं, तिची अवलाद त्याच घरात वाढवतेस? आण इकडे. एका घावात काम करते."

"हात लावून बघा, वन्सं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. पण टोपलीवर अशी वाकली की मी खरंच मागे सरले. "काळी चुकली नाही. तिला जे शिकवलं ते तिने केलं. आणि शिकवताना साखळी माझ्या हातात होती. बास."

मी तणतणत निघून आले.

इकडे हमालांनी काम बंद केलं होतं. त्यांचं म्हणणं, आवारात कुत्रं दिसलं की आम्ही आत पाऊल टाकणार नाही. उरलेली कुत्री त्यांनी स्वतःच आकड्यांनी मारून भिंतीपलीकडे फेकली होती. मॅनेजरला तर राखणीला कुत्रं हवंच, कारण चोर टपलेले. तेव्हा वहिनी त्या दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. म्हणाली, माझ्याजवळ पिल्लू आहे, मी माझ्या रीतीने तयार करते. परक्यावर भुंकेल, सांगितलं तरच धरेल आणि सोड म्हटलं की सोडेल. खोळवाल्या माणसाला विनाकारण दात लावणार नाही.

मुकादम मोठा शांत माणूस. त्यानेच दादाला पाठीवर घालून दवाखान्यात नेलं होतं. तो म्हणाला, "बाई, तुझ्या शब्दावर एकदा बघतो. पिल्लू मोठं झालं की सगळ्या टोळीसमोर आण. आम्ही खोळा घालून उभे राहू. माणसाला चावलं तर तिथल्या तिथे. मग रडायचं नाही."

"चालेल," वहिनी म्हणाली.

मॅनेजर म्हणाला, ते जमलं नाही तर तूही कामावर यायचं नाही. तिने त्यालाही चालेल म्हटलं. घरात कमावती तीच एकटी, आणि ही सगळ्यांना चालेल म्हणत सुटली!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपली घेऊन माझ्या मासे कापायच्या पाटाशी येऊन उभी. म्हणे, याला माणसात आणायचंय, आणि बाजाराइतकी माणसं कुठे आहेत? मी म्हटलं, माझ्या दुकानात हे चालणार नाही. ती टोपली खाली ठेवून मोकळी झाली. अशी आहे ती.

पिल्लू जमिनीवर नीट चालतही नव्हतं. टोपलीच्या काठावर हनुवटी टेकवून बघत बसायचं. बर्फाच्या लाद्या धडाधड पडायच्या, हातगाड्या खडखडायच्या, बायका भावावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायला धावायच्या. हे आपलं मख्ख. मी म्हटलं, ठोंब्या आहे नुसता. तेच नाव पडलं.

वहिनीचे कायदे कडक. परक्याने पिल्लाला खाऊ द्यायचा नाही. डोक्यावरून थोपटायचं नाही, वाकून तोंडात तोंड घालायचं नाही, आणि हात उगारायचा तर विचारही करायचा नाही. माणूस यायचा, पिल्लू त्याला बघायचं, मग वळून वहिनीच्या तोंडाकडे बघायचं. ती म्हणायची, "बरं," आणि सुक्या मासळीचा तुकडा द्यायची. बघितलं, बरं, तुकडा. दिवसभर हेच. छत्रीवाला आला, बरं. कुबड्या घेतलेला म्हातारा आला, बरं. हेल्मेट घातलेला आला, दारूच्या नशेत झुलणारा आला, पोलीस आला, बरं, बरं, बरं. माझं डोकं उठायचं.

दोरी ती अशी सैल धरायची की पिल्लाला दोरी आहे हेच कळू नये. मी विचारलं तर म्हणाली, "वन्सं, ते माणसाकडे बघतच नाही. माझ्याकडे बघतं. मी दचकले तर त्याला वाटतं, हा माणूस वाईट. मी ढिली राहिले तर ते ढिलं. माझं अंग जे सांगेल ते त्याला खरं."

एकदा बाजारात सुरे चालले. माझ्यापासून चार पाटांवर दोन कापणाऱ्यांचं जुंपलं आणि एकाने दुसऱ्याचा हात मनगटापासून उघडला. रक्ताची चिळकांडी आमच्या पाटापर्यंत आली, माणसं आडवीतिडवी पळायला लागली. मी वहिनीकडे बघितलं. ती मटकन खाली बसली होती, तोंड पांढरं पडलेलं, पण खांदे सैल आणि हात मांडीवर उघडा. "बरं, ठोंब्या," ती म्हणाली. पिल्लाने जांभई दिली. बाई गं, मी मनात म्हटलं, हिच्या काळजाचं काय होत असेल!

बाजारात जमत होतं. घरात मात्र दादा होता.

ठोंब्या पहिल्यांदा मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर गेला तेव्हा दादाने डाव्या हाताने पाट भिरकावला. पाट दाराच्या फळीवर लागला, पिल्लू किंचाळत पळालं, आणि दादा भिंतीवर डोकं आपटत राहिला. वहिनीने त्याला धरलं तर त्याने तिलाही लाथ मारली. तिच्या बरगडीवर काळानिळा डाग पडला होता, मी बघितला. मी दादाला फाडफाड बोलले, तर तीच मला म्हणाली, "तुम्ही मधे पडू नका. त्यांच्यासाठी कुत्रं परकं आहे, कुत्र्यासाठी ते परके आहेत. दोघांनाही माणसात आणायचंय."

रोज ती उंबऱ्याच्या अलीकडे बसायची, पिल्लू मांडीशी. दादा भिंतीकडे तोंड करून. बघितलं, बरं, तुकडा. पावसाळा गेला, थंडी आली. मग दादा वळून बसायला लागला. मग पाट हाताशी ठेवेनासा झाला. एक दिवस मी गेले तर तो पंचा काढून बसला होता आणि ठोंब्या दोन हातांच्या अंतरावर लोळत होता. मी दारातच थांबले.

"हा बघत नाही," दादा म्हणाला. किती महिन्यांनी बोलला! "सगळे बघतात. हा बघतो आणि बघत नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओक्साबोक्शी रडले. त्या दिवसापासून माझं त्या मेल्यावर प्रेम बसलं. लपवण्यात काय अर्थ?

मग वहिनीने धरायचं शिकवायला घेतलं. जाड चिंध्यांची बाही करून ती स्वतःच्या हातावर चढवायची. "धर" म्हटलं की ठोंब्या बाही धरून लोंबायचा, "सोड" म्हटलं की जबडा उघडून खाली बसायचा. दादा खाटेवरून बघायचा. कधी ती स्वयंपाकात असली की तोही तुटक्या ओठांनी म्हणायचा, "सोड." ठोंब्या तोंडातलं खेळणं टाकायचा. दादा पुन्हा ते फेकायचा, पुन्हा म्हणायचा, "सोड." तासन् तास. त्याला तो शब्द ऐकणारं कुत्रं बघायचं होतं, हे मला कळायला उशीर लागला.

टोळीसमोर न्यायचा दिवस आला. दुपारची वेळ. मी दुकान बंद केलं. दादा म्हणाला, मी येतो. घरातून किती दिवसांनी बाहेर पडत होता! तोंड झाकायला त्याने आपली जुनी खोळ घेतली, पुढे ओढली आणि माझा हात धरून निघाला. आवाराच्या फाटकाशी आम्ही दोघं उभे राहिलो.

आत हमाल दोन रांगा करून उभे होते, सगळे खोळ घातलेले, सगळ्यांच्या हातात आकडे. मधून वहिनी ठोंब्याला घेऊन चालली. एकाने मुद्दाम पोतं आपटलं. एकाने खोळ फडफडवली. एक जण तर त्याच्यासमोर ओणवा होऊन भुंकला. ठोंब्याने त्याला बघितलं, वहिनीला बघितलं, तुकडा खाल्ला. टोळीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "अरे हे कुत्रं आहे की गोगलगाय?" मग वहिनीने त्याला बाही घातलेल्या हमालावर सोडलं, धर म्हटल्यावर धरलं, सोड म्हटल्यावर सोडलं. मुकादमाने आकडा कमरेला लावला आणि मान हलवली. जमलं होतं! खरंच जमलं होतं हो!

तेवढ्यात गोणीवाला पुढे आला. त्याला कोणी बोलावलं होतं कोण जाणे. काळीनंतर त्याची रीत बंद पडली होती आणि सगळे त्याच्याकडे बोट दाखवत होते, ते त्याला खुपत असणार. गोणी डोक्यावर, काठी हातात. "चोर काय बाही घालून येतो होय? बाजूला व्हा. एकदा खरं काय ते कळू दे."

मॅनेजरने त्याला अडवलं नाही. मुकादमानेही नाही, त्यालाही बघायचंच असेल. त्या भडव्याने काठी फिरवून ठोंब्याच्या पाठीत घातली.

ठोंब्या किंचाळला. वहिनीच्या पायाशी आला आणि वर बघायला लागला, तिच्या तोंडाकडे. ती उभी होती. खांदे सैल, हात उघडा. "बरं," ती म्हणाली. काठी पुन्हा बसली. त्याचं मागचं अंग खाली बसलं. "बरं, ठोंब्या." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण अंग हलत नव्हतं. ती हलली असती तर त्याने दात लावले असते, आणि दात लावले असते तर आकडे होतेच. तिसऱ्या घावाला काठी तिच्या नडगीवर लागली, रक्त आलं. तरी "बरं". मी फाटकातून शिव्या देत आत घुसत होते, दोन हमालांनी मला धरलं.

गोणीवाला दमला. कुत्रं चावत नाही म्हणून पिसाळला. मग त्याने काठी टेकली आणि हसत म्हणाला, "याच्या आईने तुझ्या नवऱ्याला अर्धाच खाल्ला. उरलेला तू खाल्लास की काय? घरात कोंडून ठेवलायस म्हणे."

वहिनीने त्याच्या हातातली काठी हिसकली आणि त्याच्या तोंडावर मारली. दात पडल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली गेला तरी ती मारत होती, गोणीवरून, डोक्यावर, हातांवर, एक शब्द न बोलता. इतकी वर्षं साखळी धरून उभी राहिलेली बाई ती. आणि ठोंब्याने तिचं अंग बघितलं. तिचं अंग जे सांगेल ते त्याला खरं. त्याने झेप घेतली आणि गोणीवाल्याचा हात कोपराखाली धरला.

हाड मोडलं. तो माणूस असा ओरडला की कबुतरं उडाली.

वहिनी भानावर आली. काठी टाकली. "सोड," ती म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही.

ठोंब्याने सोडलं. तोंडातून रक्त गळतंय, पाठ ठेचलीय, तरी दोन पावलं मागे सरून बसला आणि तिच्याकडे बघायला लागला, तुकड्यासाठी.

तेव्हा मुकादम चालत आला. हातात आकडा. ठोंब्याने त्याला येताना बघितलं. खोळ घातलेला, अनोळखी, लोखंड घेतलेला माणूस. त्याने वहिनीकडे बघितलं. ती गोणीवाल्याचं रक्त थांबवायला खाली वाकली होती, तिच्या लक्षातच आलं नाही. मी ओरडले, "वहिनी!" पण तोवर ठोंब्याने मान वर केली होती आणि धुळीत शेपूट हलवायला लागला होता.

मुकादमाने एकच घाव घातला.

मग माझ्या शेजारून एक आवाज निघाला, माणसाचा आहे असं वाटेना. दादा मला ढकलून आत धावत होता. त्याने डोक्यावरची खोळ ओढून फेकली. त्या हमालांनी त्याचं जखमा भरल्यावरचं तोंड आज पहिल्यांदा बघितलं, दोघं-तिघं मागे सरले. तो मुकादमाच्या छातीला छाती लावून ओरडत होता, लाळ गळत होती, शब्द फुटत नव्हते, तरी सगळ्यांना कळत होते. "सोडलं होतं! त्याने सोडलं होतं! तुम्ही बघितलं नाही का? सोडलं होतं त्याने!"

"ठरलं होतं," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "चावलं तर तिथल्या तिथे, असं ठरलं होतं, बाई."

वहिनी जमिनीवर बसली होती, ठोंब्याचं डोकं मांडीवर घेऊन. तिने वर बघितलं. "हो, ठरलं होतं," ती म्हणाली. "चूक माझीच झाली, मी हात उचलला. पण मुकादम, तुम्ही येत होतात तेव्हा तो पळाला का नाही, माहितेय? मीच शिकवलं त्याला. माणूस जवळ आला तर भ्यायचं नाही म्हणून."

दादा खाली वाकला, डाव्या हाताने आणि उजव्या कोपराने ठोंब्याला उचलून खांद्यावर टाकलं, आणि उघड्या तोंडाने भर बाजारातून घरी निघाला. आम्ही दोघी त्याच्या मागे. माणसं बघत होती.